काळ्या कातळाचं माहेर

सँ-ल, रियुनियन बेट
मंगळवार, रात्री

प्रिय दोस्ता,

पाच दिवसांनी आज पहिल्यांदा कोरड्या कपड्यांत बसलोय. बूट गॅलरीत उलटे टांगलेत, सायकल भिंतीला टेकून उभी आहे आणि समोर अंधारात प्रवाळाच्या बांधावर लाटा फुटल्याचा आवाज येतोय. रोज रात्री तुला फोटो पाठवत होतो. त्यावर काल तुझा एकच शब्द आला, "लिही." म्हणून बसलो. फोटोत जे आलं नाही ते सांगतो.

आधी मनातलं सांगून टाकतो. विमानतळावर खोक्यातून सायकल काढून जोडत होतो, तेव्हा तुझी फार आठवण झाली. हँडल सरळ बसलंय का, हे तू नेहमी पुढे उभा राहून एक डोळा मिटून बघतोस. ते बघायला कोणी नव्हतं. दोन वर्षं आपण दोघांनी मिळून आखलेला प्रवास मी एकट्यानं करावा का, हे तिथंही मनाला टोचत होतं. तू हट्टानं पाठवलंस म्हणून आलो.

कोकणकडा आठवतो? पहिल्या पावसानंतर आपण कड्याच्या टोकाशी पालथे पडलो होतो. खाली सगळं धुकं. तू गाल कातळाला लावलास आणि म्हणालास, "हा ताजा असताना कसा दिसत असेल रे?" मला काही उत्तर देता आलं नव्हतं. दोस्ता, तो ताजा कातळ मी बघून आलो.

हे सगळं तुला ठाऊक आहे, पण लिहिताना माझ्याच अंगावर काटा येतो. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपली जमीन दक्षिणेला होती, पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या एका तप्त झऱ्याच्या माथ्यावर. लाव्हाचे थरावर थर साचले, त्याचं दख्खन झालं, सह्याद्री झाला. मग जमीन उत्तरेकडे निघून गेली आणि झरा मागेच राहिला. वाटेत त्याच्यामुळे लक्षद्वीप, मालदीव, छागोस अशी बुडती रांग उठली, नंतर मॉरिशस, आणि आता त्याच्या डोक्यावर हे रियुनियन. बहुतेक भूवैज्ञानिक हे असंच मांडतात. म्हणजे आपल्या डोंगराचं हे माहेर. मुलगी केव्हाच सासरी गेली, पण इथली चूल अजून पेटती आहे.

बेट लहान आहे, सुमारे 2,500 चौरस किलोमीटर. मधोमध पितों दे नेझ, 3,070 मीटर उंच, गाढ झोपलेला. आग्नेयेला पितों द ला फुरनेझ, 2,632 मीटर. 'फुरनेझ' म्हणजे भट्टी, आणि ही भट्टी जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. 1946 पासून हे बेट फ्रान्सचा जिल्हा आहे, त्यामुळे चलन युरो आणि वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं. पहिल्या दिवशी दर चौकात मी स्वतःला मोठ्यानं "उजवीकडे, उजवीकडे" असं बजावत होतो.

किनाऱ्यानं प्रदक्षिणा 200 किलोमीटरच्या आसपास भरते. आपण नकाशावर ती बघून चार दिवस धरले होते, ते चुकलं. रस्ता समुद्राच्या काठानं जातो हे खरं, पण दर थोड्या अंतरावर डोंगरातून उतरलेली एक घळ आडवी येते. इथे तिला राविन म्हणतात. रस्ता त्या घळीत उतरतो, तळाशी पूल किंवा आपल्याकडच्या फरशीसारखा कॉजवे ओलांडतो आणि पलीकडून तेवढाच वर चढतो. चढून माथ्यावर आलो, समुद्र दिसला, दोन घोट पाणी प्यायलो की लगेच पुढची घळ. सामानासकट सगळ्यात हलक्या गिअरवर, खोगिरावरून न उठता चढायचं. उतारावर मिळवलेला वेग तळाशी वळण असल्यामुळे ब्रेकमध्येच जातो. दिवसभर असंच. समुद्रसपाटीपासून फार वर कधी गेलो नाही, आणि तरी संध्याकाळी मांड्या एखादा मोठा घाट चढल्यासारख्या भरून आलेल्या असायच्या.

पूर्वेकडचा भाग लवकर उरकतो. राजधानी सँ-देनीहून सँ-ब्न्वापर्यंत मुख्य रस्ता चौपदरी आहे आणि तिथे सायकलला बंदी, म्हणून गावांतून जाणारे जुने रस्ते शोधत गेलो. दोन्ही बाजूंना ऊस. सध्या तोडणीचा हंगाम आहे, जुलै ते डिसेंबर. उसाच्या अजस्र ट्रकांना इथले लोक 'काशालो' म्हणतात, म्हणजे देवमासा. तो मागून येतो तेव्हा आधी वारा लागतो, मग सावली. पण मोटारी आणि ट्रक दोन्ही अंतर राखून जातात. गावाबाहेर सायकलस्वारापासून दीड मीटर लांब राहायचं हा इथला कायदा आहे आणि बरेच जण तो पाळतात. सँ-आंद्रेपाशी रस्त्यालगत रंगीत गोपुर दिसलं आणि मी थांबलोच. 1848 साली गुलामगिरी संपली, मळ्यांना मजूर हवे होते, आणि 1860 च्या करारानंतर ब्रिटिश हिंदुस्थानातून हजारो माणसं, बरीचशी तमिळ मुलखातली, करारावर इथे आणली गेली. त्यांच्या वंशजांना मलबार म्हणतात. तमिळ बोलता येणारे थोडेच, पण देव आणि मसाले टिकून आहेत. लोणच्याला इथे 'आशार' म्हणतात आणि मसाल्याला 'मसाले'. वाटेत 'बोंबों पिमां' नावाचे छोटे तिखट वडे मिळतात, थेट आपल्या डाळवड्याचे भाऊ. कागदाच्या पुडीतून खात खात मी गोपुरासमोरच्या कठड्यावर बसलो होतो. एका आजीनं फ्रेंचमध्ये विचारलं, कुठला? सांगितल्यावर तिनं काही न बोलता माझ्या हातावर हात ठेवला आणि निघून गेली.

सेंत-रोजच्या पुढे पाऊस सुरू झाला. आग्नेयेचे व्यापारी वारे या बाजूला डोंगराला थडकतात, त्यामुळे ही बाजू कायम ओली आणि पश्चिम कोरडी. सह्याद्रीचंच गणित, दिशा तेवढी उलटी. किती ओली म्हणशील, तर फेब्रुवारी 2007 मध्ये गामेद चक्रीवादळात वरच्या कोमेरसों विवराजवळ 72 तासांत 3,929 मिलिमीटर पाऊस झाला. जगातला विक्रम आहे तो. महाबळेश्वरला अख्ख्या पावसाळ्यात पडतो त्याच्या निम्म्याहून जास्त, तीन दिवसांत. मला मिळाला तो नेहमीचा, आषाढातल्यासारखा, तिरपा. रेनकोट घातला तरी घामानं आतून भिजतोच, म्हणून काढूनच टाकला. पितों सेंत-रोज गावात एक चर्च आहे. 1977 च्या एप्रिलमध्ये लाव्हा नेहमीची हद्द सोडून गावात शिरला, घरं गेली, पण चर्चच्या दारापाशी येऊन दुभंगला आणि भिंतींच्या दोन्ही बाजूंनी पुढे गेला. आत थोडासा आला आणि थांबला. दाराशी थिजलेला तो काळा लोट अजून तसाच आहे. लोक त्याला देवाची कृपा म्हणतात. मी ओल्या कपड्यांनी तिथे उभा होतो आणि माझेही हात आपोआप जोडले गेले.

आता मुख्य भाग.

त्यापुढे ग्राँ ब्रुले लागतं. अर्थ सांगायचा तर 'मोठं जळकं'. ज्वालामुखीचा माथा केव्हातरी खचून घोड्याच्या नालेसारखा प्रचंड खळगा झालाय, त्याचं तोंड समुद्राकडे उघडं. वरून लाव्हा निघाला की या उतरणीनं खाली येतो, आणि कधीकधी समुद्रापर्यंत पोचतो. किनाऱ्याचा रस्ता या तोंडातूनच जातो. उत्तरेकडच्या कड्यावरून आत उतरायचं, दहा किलोमीटरच्या आतबाहेर अंतर कापायचं, आणि दक्षिणेच्या ल त्रांब्लेच्या कड्यावर चढून बाहेर पडायचं. लाव्हानं रस्ता गिळला की दगड थंड होईपर्यंत थांबतात आणि त्याच्यावरूनच नवा रस्ता करतात. प्रत्येक प्रवाहाशी वर्षाची पाटी लावलेली आहे. मी 2002 पाशी थांबलो, मग 2004 पाशी, मग 2007 पाशी. मध्ये मध्ये जुन्या जंगलाचे पट्टे. सावली, ऊन, सावली, ऊन.

सायकलवर असल्यामुळे त्या पाट्या मी पायांनी वाचल्या असं म्हणतो, आणि ते अलंकारिक नाही. तिथे एकही राविन नाही! सगळा रस्ता सलग, सौम्य, किंचित वर, किंचित खाली. पाच-सात मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी आपोआप जड गिअरवर गेलोय. पाण्याला अजून या दगडात वाट कोरायला वेळच मिळालेला नाही. बाहेरची जमीन जुनी, म्हणून तिथे घळी. जमीन जितकी जुनी तितके चढ जास्त. दिवसभर माझ्या मांड्या ज्याच्याशी झगडत होत्या ते पावसाचं वय होतं, दोस्ता. आणि मग आपला सह्याद्री आठवला. साडेसहा कोटी वर्षांचा पाऊस! आपले घाट तसे का, हे मला आयुष्यात पहिल्यांदा गुडघ्यांतून कळलं.

2007 चा प्रवाह सर्वांत दक्षिणेला आहे. त्या एप्रिलमधला उद्रेक इतका मोठा होता की वरचं दोलोमियू विवर तीनशेहून जास्त मीटर खाली खचलं. मी सायकल आडवी ठेवली आणि रस्त्याच्या कडेनं चार पावलं आत गेलो. पाय ठेवला की कपबश्या फुटल्यासारखा आवाज. काही जागी दगड मोडक्यातोडक्या ढेकळांचा, हात लावला तर बोट कापेल असा. त्याला इथे 'ग्रातों' म्हणतात. आणि काही जागी अगदी गुळगुळीत, दोरखंडासारखा पीळ पडलेला. दाट साय वाटीच्या कडेला सरकून चुण्या पडाव्यात तशा चुण्या. वाहता वाहता कातडी आधी गोठली, आत अजून पातळ होतं, म्हणून ती ओढली गेली. मी गुडघ्यावर बसून बघितलं. वरचा पापुद्रा चंदेरी, जवळजवळ काचेसारखा. तुटलेल्या कडेत हजारो छिद्रं, वायूचे बुडबुडे निघून गेल्याच्या खुणा. आपल्याकडे याच पोकळ्यांत पुढे गारगोट्या भरल्या. इथे त्या रिकाम्या आहेत. आणि मध्येच मोहरीएवढे हिरवट, पारदर्शक दाणे चमकतात, ऑलिव्हिन नावाच्या खनिजाचे. दगड गरम होता, पण उन्हानं. मी होतो तेव्हा डोंगर शांत होता, आग मला दिसली नाही.

आग दिसली नाही याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. कारण मला दुसरंच काही दिसलं. त्या पिळांच्या खाचांत करडं दगडफूल धरलं होतं. मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड. भेगांत नेच्याचे कोवळे आकडे. 2007 च्या दगडावर एवढंच, 2004 च्यावर झुडपं जरा दाट, जुन्या पट्ट्यात पूर्ण झाडं. दगडाची माती होताना दिसत होती, पाटी पाटीनं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. ताजा कातळ काळा दिसत नाही. तो चकाकतो, आणि त्याच्यावर काहीच नसतं. आपल्या कातळाचा काळेपणा, त्याचं शेवाळ, त्याचं गवत, सगळं नंतरचं आहे.

नेमका त्रांब्लेचा कडा चढताना मागच्या चाकातून "टण्ण" आवाज आला. स्पोक, म्हणजे चाकाची तार, तुटला, तोही कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या बाजूचा. चाक लगेच डगमगायला लागलं आणि ब्रेकला घासू लागलं. माझ्याजवळ जादा स्पोक होते, पण कॅसेट काढायचा पाना मी घरी ठेवून आलो होतो. तू यादीत लिहिला होतास, मी वजनासाठी काढला. मागचा ब्रेक सैल करून, चढ ढकलत, उतार पुढच्या ब्रेकवर हळूहळू, असं करत अंधार पडायच्या आत सँ-फिलिपला पोचलो. अंधारात गावाबाहेर सायकलवर चमकणारं जाकीट घालणं इथे सक्तीचं आहे. ते होतं, पण त्या वळणांवर रात्री जायची हिंमत नव्हती.

दुसऱ्या सकाळी लोकांनी एका म्हाताऱ्या माणसाकडे पाठवलं. आयुष्यभर ऊस तोडला, आता गावातल्या पोरांच्या सायकली दुरुस्त करतो. सत्तरी ओलांडलेली, हाताची बोटं जाडजूड. त्यानं सायकल उलटी केली, जुन्या चेनचा तुकडा लावलेल्या लोखंडी पट्टीनं कॅसेट धरून ठेवली आणि एका झटक्यात नट सोडवला. नवा स्पोक ओवला. मग त्यानं जे केलं ते मी विसरणार नाही. प्रत्येक तार अंगठ्यानं छेडत गेला, तंबोरा जुळवावा तसा. बद्द वाजली की पाव आटा, पुन्हा छेडणं. फ्रेमला नख टेकवून रिम त्याच्याशी घासते का ते ऐकायचा, बघायचा नाही. वीस मिनिटांत चाक सरळ. पैसे घ्यायला तयार नव्हता. मागच्या परसात घेऊन गेला.

तिथे केवड्याच्या जातीच्या झाडांवर व्हॅनिलाचे वेल चढवले होते, आणि हंगामाची पहिली फुलं आली होती. फिकट पोपटी, एकेक. फूल एकच सकाळ उमलतं. त्याच्या मूळ देशात, मेक्सिकोत, परागीकरण कीटक करतात, इथे ते नाहीत. 1841 साली या बेटावरच्या एदमों आल्बियूस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं ते हातानं करायची रीत शोधली, आणि आजही तीच वापरतात. म्हाताऱ्यानं काट्याएवढी काडी घेतली, पाकळी बाजूला केली, आतला इवलासा पडदा काडीनं उचलला आणि अंगठ्यानं हलकेच दाबलं. झालं. याला इथे 'व्हॅनिलाचं लग्न लावणं' म्हणतात. मघाशी लोखंड वळवणारा तोच अंगठा. एदमोंला 1848 मध्ये स्वातंत्र्य मिळालं, पण तो 1880 साली गरिबीतच गेला. त्याच्या शोधावर इतरांनी पैसा केला. हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज बदलला. मलाही नीट बोलता आलं नाही.

पुढचं थोडक्यात. दक्षिणेचा किनारा, सँ-जोझेफपर्यंत, सर्वांत देखणा आणि सर्वांत दमवणारा. काळे कडे, पांढरा फेस, घळीमागून घळ. एका घळीच्या कापलेल्या भिंतीत दोन काळ्या थरांच्या मधोमध विटकरी लाल पट्टा दिसला. आपण घाटात बघतो तसाच, खालची माती वरच्या लाव्हानं भाजल्याचा. मी सायकलवरूनच ओरडलो. वळणावळणावर शेंदरी-लाल रंगाच्या देवळ्या लागतात, संत एक्सपेदीतच्या. त्वरित पावणारा म्हणून प्रसिद्ध. आपल्या घाटांतले शेंदूर फासलेले देव आठवले, आणि प्रत्येक देवळीपाशी मी क्षणभर पायडल थांबवलं. सँ-पिएरनंतर वारा पाठीशी आला, ऊन आलं, सगळं सुकलं. नवा वेगवान रस्ता 2009 मध्ये वरून गेला आणि तिथे सायकलला बंदी आहे. त्यामुळे खालचा जुना रस्ता आपल्यासारख्यांना बराच मोकळा मिळतो. आज दुपारी त्या रस्त्यावरून दूर समुद्रात पाण्याचा फवारा उडाला, मग एक काळी पाठ वर आली. देवमासे या दिवसांत पिल्लांसह इथे येतात. पोहायचा मोह झाला, पण शार्कमुळे 2013 पासून प्रवाळाच्या आतलं उथळ पाणी आणि राखणीच्या जागा सोडून बंदी आहे. म्हणून आतल्या उथळ पाण्यातच पाय सोडून बसलो.

परवा शेवटचा टप्पा. समुद्राकाठचा महामार्ग टाळायचाय, म्हणून ला मोंताञचा जुना डोंगरी रस्ता. तिथला दगड बेटावरचा सर्वांत जुना, सुमारे वीस लाख वर्षांचा. म्हणजे चढ कसा असेल ते आता तुला सांगायला नको.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टर वाकवायला किती अंश सांगतात, ते आकड्यात लिही. "बरं आहे" असं लिहू नकोस. पुढच्या वेळी पाना मी घेईन, खोटं नाही सांगत. आणि आपण उलट्या दिशेनं जाऊ, म्हणजे त्रांब्लेचा कडा तुला उताराला मिळेल.

राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलायचा नाही असा नियम आहे, म्हणून तुझ्यासाठी दगड आणत नाही. पण 2007 च्या त्या पिळावर वहीचा कागद ठेवून पेन्सिलीनं घासून घेतलंय. एका कोपऱ्यात थेंब पडून डाग आहे. सोबत ठेवतो. घडी उघडलीस की पीळ ज्या बाजूला विरळ होतात, ती समुद्राची बाजू.

तुझाच